तीन खोड्यांची गाडी

कोकणातल्या माणसाला जुनी मोठी गाडी घ्यायची असली, की तो आधी घाट चढतो. मालवण, देवगड, वेंगुर्ले या पट्ट्यातली गाडी दिसायला कितीही देखणी असो, जाणता माणूस तिच्यावर पैसे घालत नाही. समुद्रकाठच्या गाडीचे वय आरसी बुकात बघत नाहीत, ते तिच्या पोटाखाली बघतात. घाटापलीकडच्या कोरड्या हवेतली गाडी मात्र सहा-आठ वर्षांची झाली तरी खालून ठणठणीत मिळते. म्हणून २००६ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत मीही फोंडाघाट चढून कोल्हापूरला गेलो, आणि परतताना गगनबावड्याच्या वाटेने एक पांढरी टाटा सुमो घेऊन खाली उतरलो.

तेव्हा मी एका माध्यमिक शाळेत शिक्षक होतो. घर मालवणहून आचऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या वाडीत. घरात संधिवाताने जखडलेली आई, दोन शाळकरी मुले, आणि गणपतीला मुंबईहून उतरणारी दोन भावांची बिऱ्हाडे. एसटीच्या पायरीवर आईचा पाय चढेना आणि रिक्षात तिचा गुडघा वळेना, तेव्हा मोठी गाडी घ्यावी असे ठरले. नव्या गाडीचा विचार शिक्षकाच्या पगारात करण्यासारखा नव्हता. भविष्य निर्वाह निधीतून थोडे, पतपेढीतून थोडे आणि पत्नीच्या पाटल्यांतून थोडे, असे एक लाख साठ हजार रुपये जमले. गाडी नोव्हेंबर २००० ची होती, म्हणजे सहा वर्षांची.

विकणारे गृहस्थ गुळाचे व्यापारी होते. त्यांच्या अडत दुकानाच्या मागच्या अंगणात गाडी उभी होती. मी रंग पाहिला, गाद्या पाहिल्या, दार उघडून लावून पाहिले. गाड्यांमधले मला तेवढेच कळत होते. ते हसले आणि म्हणाले, "गुरुजी, गाडी गुणाची हाय, पर तिच्या तीन खोड्या हाईत. त्या आधी ऐकून घ्या, मग दराचं बोलू."

त्यांनी खिशातले पेन काढले, गुळाच्या पावतीपुस्तकातला एक कागद फाडला आणि पाठकोऱ्या बाजूला लिहिले : १) थंडीत सकाळी सुरू व्हायला वेळ लागतो, हीटर प्लग बदलावे लागतील. २) दुसरा गिअर उतारावर कधीकधी निसटतो, हात ठेवावा. ३) डावे मागचे दार उसाच्या गाडीवर घासले होते, पत्रा काढला आहे, उचलून लावावे. खाली सही केली. तो कागद मी गाडीच्या पुढच्या कप्प्यात ठेवला. तो पुढे एकोणीस वर्षे तिथेच राहील आणि एक दिवस माझीच परीक्षा घेईल, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

नावामागचा माणूस

सुमो म्हटले की पुष्कळांना जपानचे धिप्पाड पैलवान आठवतात. माझे विद्यार्थीही हेच सांगत. खरे म्हणजे हे नाव अस्सल मराठी माणसाचे आहे. टेल्को कंपनी ज्यांनी घडवली त्या सुमंत मुळगावकरांच्या नावातला 'सु' आणि आडनावातला 'मू' यांवरून ते बनले. मुळगावकर १९८९ साली गेले आणि गाडी १९९४ मध्ये बाजारात आली. पुण्याच्या कारखान्याच्या आवारात झाडे लावून तळे राखणारा हा अभियंता. त्याच्या नावाची गाडी पुढे खेड्यापाड्यांतल्या वऱ्हाडांपासून सरकारी दौऱ्यांपर्यंत सगळीकडे धावली. २००३ मध्ये टेल्कोचे नाव टाटा मोटर्स झाले आणि २०१९ मध्ये सुमोचे उत्पादन थांबले.

तिची रचना साधी. खाली शिडीसारखी लोखंडी चासी, तिच्यावर बसवलेला सांगाडा, मागे ट्रकसारखे पाटे, आणि पुढे दोन लिटरचे आवाजी डिझेल इंजिन. मागच्या बाजूला समोरासमोर दोन बाके. डौल नाही आणि वेगही बेताचाच. पण जे बिघडेल ते कुठल्याही नाक्यावरच्या मेस्त्रीला पान्याने उघडता येईल, अशी तिची सगळी व्यवस्था. आमच्याकडे त्याआधी कमांडर होत्या, ट्रॅक्स होत्या. सुमोने त्यांच्यात बंद काचा आणि थोडी इभ्रत आणली.

गाडी कोणाची?

गाडी माझ्या नावावर झाली, पण ती माझी आहे असे वाडीने कधी मानले नाही. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या काकांनी विचारले, "मास्तरांनू, उद्या कुडाळाक जातास काय?" मी म्हटले, नाही. ते म्हणाले, "मगे परवा जाऊया." म्हणजे जाणे ठरलेलेच होते, प्रश्न फक्त दिवसाचा होता.

त्यानंतर या गाडीने काय वाहिले नाही? गणपतीच्या शाळेतून एका फेरीत सात घरांचे गणपती आणले, प्रत्येक मूर्ती एकेकाच्या मांडीवर. आंगणेवाडीच्या जत्रेला माहेरवाशिणी नेल्या. कोकण रेल्वेने पहाटे उतरणाऱ्या चाकरमान्यांना कुडाळ आणि कणकवली स्टेशनांवरून त्यांच्या पेट्यांसकट आणले. फणस, भाताची पोती, भजनी मंडळींचे मृदंग. एकदा नवरदेवाची वरात आणि परतताना त्याच दाराने एका आजोबांचे पार्थिव. खासगी पासिंगच्या गाडीने भाडे घेणे कायद्यात बसत नाही, आणि शेजाऱ्याकडून घेणे मनात बसत नाही. त्यामुळे कोणी डिझेलचे पैसे खिशात कोंबी, कोणी काहीच देत नसे, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पडवीत केळीच्या पानाखाली बांगड्यांचा वाटा ठेवलेला सापडे. कोणी ठेवला हे विचारायचे नसते.

२००९ च्या जुलैतली एक रात्र मात्र विसरता येत नाही. लावणीचे दिवस, बाहेर धो धो पाऊस. दहाच्या सुमारास शेजारची वहिनी पडवीत आली आणि ओरडली, "मास्तरांनू, गाडी काढा ओ! ह्यांका फुरसा चावला!" बांधावर गवत उपटताना हाताला दंश झाला होता. १०८ ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ मध्ये सुरू झाली, तेव्हा ती नव्हती. मधले बाक पाडून त्यावर गादी टाकली आणि त्यांना आडवे निजवले. मोठ्या गाडीचा खरा उपयोग मला त्या रात्री कळला : तिच्यात माणूस आडवा मावतो.

मालवणला प्रतिसर्पविष दिले गेले आणि डॉक्टरांनी लगेच बांबोळीला न्यायला सांगितले. बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज म्हणजे १८४२ साली पोर्तुगीज अमदानीत पणजीला सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेचा आजचा वारस. आम्हा सिंधुदुर्गकरांना आजार भारी झाला की मुंबईआधी ते आठवते. चौके, कुडाळ, सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी, म्हापसा. शंभराहून अधिक किलोमीटरचा तो रस्ता मी पुसणीच्या एकाच चालत्या हातावर काढला. दुसऱ्या गिअरवर सारखा तळवा दाबून धरला होता. खोडी क्रमांक दोन. व्यापाऱ्याने ती सांगितली नसती, तर उतारावर गिअर निसटला असता आणि मी गडबडलो असतो, हे मला त्या रात्री पुन:पुन्हा वाटत होते. नवव्या दिवशी शेजारी आपल्या पायांनी चालत घरी आले.

मीठ खाणारी गाडी

एवढे दिल्यावर गाडीने मागितलेही. मी शिक्षकी सवयीने वही ठेवली होती. टायर, क्लच प्लेट, पाट्यांचे दोन संच, डिझेल पंपाचे काम, रेडिएटर, तीन बॅटऱ्या, दर दोन वर्षांनी पत्र्याचे काम. एकोणीस वर्षांची बेरीज केली तर दुरुस्तीचा आकडा चार लाख बारा हजार निघाला. म्हणजे किमतीच्या अडीचपटीहून थोडा जास्तच. यात डिझेल नाही, विमा नाही. जुनी मोठी गाडी स्वस्त मिळते याचा अर्थ ती स्वस्तात पोसता येते असा नाही. गाडीची किंमत वयाने उतरते, सुट्या भागांची उतरत नाही.

पण खरा शत्रू इंजिनात नव्हता. तो हवेत होता. लोखंड गंजायला पाणी आणि हवा पुरते. त्यात मीठ मिसळले की काम झपाट्याने होते, कारण खारे पाणी गंजण्याच्या क्रियेला वाट करून देते. शिवाय मीठ हवेतला ओलावा ओढून घेते. त्यामुळे आमच्याकडची गाडी एप्रिल-मेमध्येही खऱ्या अर्थाने वाळत नाही. त्यावर चार महिन्यांचा पाऊस, आणि जांभ्या दगडाची लाल चिकट माती. ही माती चासीच्या पोकळ भागांत शिरते, पाणी निघून जायची भोके बुजवते आणि आत ओली राहते. मग लोखंड आतून बाहेर गंजत येते. बाहेर फुगवटा दिसतो तेव्हा आतला पत्रा पापडासारखा झालेला असतो.

आमच्याकडची जुनी रीत म्हणजे पावसाळ्याआधी गाडीच्या पोटाला जळके ऑइल फासायचे. मीही काही वर्षे ते केले. मग एका पावसात अंगणातल्या पाण्यावर रंगीत तवंग उठून तो विहिरीच्या दिशेने चाललेला पाहिला आणि बंद केले. त्या ऑइलने रबरी बुशही मऊ पडतात. त्यापेक्षा साधा उपाय चांगला : समुद्राकडून आले की विहिरीच्या गोड्या पाण्याने गाडी खालून धुवायची, आणि पावसाळा संपला की भोके तारेने मोकळी करून आतली माती काढायची. तारकर्लीच्या वाळूत पर्यटकांच्या गाड्या रुतलेल्या दिसतात. मी सुमोचे चाक कधी वाळूत घातले नाही. मुलांनी पुष्कळ हट्ट केला, तरी नाही.

तरीही समुद्र जिंकतोच. तौक्ते चक्रीवादळ १६ मे २०२१ रोजी आमच्या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा समुद्राचे पाणी तुषार होऊन आत शिरले आणि झाडांची पाने करपली. आंब्याची एक फांदी गाडीच्या टपावर पडली, टप दबला, काच वाचली. पुढे कित्येक दिवस वीज नव्हती. तेव्हा अख्खी वाडी याच गाडीच्या बॅटरीवर मोबाइल चार्ज करून मुंबईला खुशाली कळवत होती. सगळे म्हणाले, गाडी वाचली. मीही तसेच समजलो. गाडीवर पडलेल्या फांदीकडे मी पाहिले, पण आत शिरलेल्या मिठाकडे पाहिले नाही.

पंचविशीचा हिशेब

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून, पर्यावरण कर भरून ती वाढवून घ्यावी लागते. माझ्या गाडीची पहिली वाढ २०१५ मध्ये झाली, दुसरी २०२० मध्ये. तेव्हा नूतनीकरणाचे शुल्क सहाशे रुपये होते. एप्रिल २०२२ पासून ते पाच हजार झाले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या चारचाकीसाठी दहा हजार. दिल्लीत तर २०१५ मध्ये हरित लवादाने दहा वर्षांवरची डिझेल गाडी रस्त्यावरून हटवण्याचा आदेश दिला, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. त्याच्या अंमलबजावणीचे वाद पुढेही चालू राहिले. आपल्याकडे तसे काही नाही. पण सकाळी गाडी सुरू केली की माझी नात नाकाला रुमाल लावते. ती माझ्यावरच टीका करते आहे, हे मला समजत होते.

नोव्हेंबर २०२५ ला पंचवीस वर्षे पूर्ण होणार म्हणून पावसाळा संपताच गाडी मेस्त्रीकडे नेली. हा मेस्त्री माझाच विद्यार्थी. गणितात कच्चा होता, पण गाडीच्या पोटाखाली त्याचे उत्तर चुकत नाही. बॅटरी घेऊन तो खाली सरकला. पेचकसाच्या मुठीने चासी ठोकत ठोकत मागे गेला. टण, टण, टण, आणि मग एकदम भद्द असा आवाज. त्याने पेचकसाचे टोक दाबले आणि ते आत गेले.

बाहेर येऊन त्याने हात पुसले. "मास्तरांनू, वरसून बघल्यार व्हकल, खालसून म्हातारी." व्हकल म्हणजे आमच्याकडे नवी नवरी. मी विचारले, पट्टी मारून होईल का? तो म्हणाला, "वेल्डिंग मारून दितंय. पण माणसां भरू नकात." मागच्या पाट्याचा आधार ज्या जागी आहे, तिथेच चासी खाल्ली गेली होती. दहा माणसे भरून गाडी गचक्यात आपटली तर काय होईल, हे त्याने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. गेल्या मे महिन्यात याच गाडीतून भावांची नातवंडे देवबागला नेली होती. चौदा जण. कागदावर चालकासह दहा. त्यातली चार पोरे मागच्या आडव्या बाकांवर, पट्ट्याशिवाय. त्या रात्री मला झोप आली नाही.

दलाल आणि कागद

गाडी विकायची ठरली हे कळताच एक दलाल आला. त्याने फेरी मारली, टपावर थाप दिली आणि म्हणाला, "नव्वद हजार. खाली पत्रा मारू, काळा रंग फासू. पासिंगचं मी बघतो. खाली वाकून कोण बघतंय?" मी गप्प राहिलो. मला खोटे बोलायला लागणार नव्हते. नुसते गप्प बसायचे होते. पेन्शनीत राहणाऱ्या माणसाला नव्वद हजार म्हणजे काय, हे सांगायला नको. भंगारात त्याच्या निम्मेही येणार नव्हते.

चार दिवसांनी तो गिऱ्हाईक घेऊन आला. देवगडकडचा तिशीतला मुलगा, सोबत बायको आणि कडेवर दोन वर्षांची पोर. आंब्याचा छोटा धंदा, घरी म्हातारे आईवडील. मोठी गाडी का हवी, तर आईला एसटीत चढता येत नाही. माझ्याच एकोणीस वर्षांपूर्वीच्या गरजा तो मला सांगत होता. त्याने रंग पाहिला, गाद्या पाहिल्या, दार उघडून लावून पाहिले. डावे मागचे दार लागेना. मी सवयीने म्हटले, "उचलून लावा."

आणि मला कागद आठवला. पुढच्या कप्प्यातून तो काढला. गुळाची पावती पिवळी पडली होती, घडीवर फाटली होती, सही मात्र वाचता येत होती. मी स्वयंपाकघरात गेलो. पत्नीला काही सांगावे लागले नाही. ती नारळ खवता खवता म्हणाली, "त्या माणसान आपल्याक फसवल्यान नाय. मगे आपण दुसऱ्याक कित्याक फसवूचा?"

बाहेर येऊन मी त्या मुलाच्या हातात बॅटरी दिली आणि अंगणात गोणपाट अंथरला. म्हटले, "आधी खाली जाऊन बघा, मग दराचं बोलू." दलालाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, तिला मी शिक्षकी पेशात कधी तोंड दिले नव्हते. मुलगा खाली गेला. मी त्याला कुठे ठोकायचे ते दाखवले. टण, टण, भद्द. तो बराच वेळ तसाच पडून राहिला. बाहेर आला तेव्हा पाठीला लाल माती लागली होती. त्याने बायकोकडे पाहिले, पोरीला आपल्या कडेवर घेतले आणि एवढेच म्हणाला, "बरा केलात सांगितलात तां." दलाल गाडी सुरू करून पुढे निघूनही गेला होता. आचऱ्याच्या एसटीपर्यंत त्या तिघांना मीच सोडले, सुमोतून, अगदी हळू.

आता त्या जागी दुसरा व्यवहार उभा राहिला. २०२१ पासून केंद्र सरकारचे जुन्या गाड्या मोडीत काढण्याचे धोरण लागू झाले आहे. नोंदणीकृत केंद्रात गाडी दिली की ठेव प्रमाणपत्र मिळते, आरटीओतली नोंदणी रद्द होते आणि ते प्रमाणपत्र दाखवून नव्या गाडीच्या करात सवलत घेता येते. मला नवी गाडी घ्यायची नव्हती. पण गाडीची नोंदणी रद्द होणे मला महत्त्वाचे वाटले. तिच्या कागदावर दुसरे कुठले धूड रस्त्यावर फिरणार नाही, आणि रंगरंगोटी होऊन ती पुन्हा कुणाच्या अंगणात उभी राहणार नाही, याची ती खात्री होती. वाडीला सांगायचे काम जड गेले. शेजारच्या काकांनी ऐकून घेतले आणि विचारले, "मगे बांबोळीक कशान जावचा?" आता १०८ आहे, वाडीत चार नव्या गाड्या आहेत, असे मी म्हटले. ते म्हणाले, "आसत. पण त्येंका इचारूक लागता."

यावर माझ्याकडे उत्तर नाही. नव्या गाड्यांत हवेच्या पिशव्या आहेत, पट्टे आहेत, धूर कमी आहे, आणि हे सगळे चांगलेच आहे. पण मध्यरात्री न विचारता काढायला लावण्याजोगी गाडी वाडीत असणे ही निराळी गोष्ट आहे. ती शोरूममध्ये मिळत नाही. उद्या वाडीतल्या त्या चौघांपैकी एखाद्या गाडीवाल्याच्या पडवीत केळीच्या पानाखाली बांगडे ठेवलेले दिसतील, तेव्हा समजायचे की जागा भरून निघाली.

डिसेंबरात देवगडच्या त्या मुलाचा फोन आला. कोल्हापूरला एक गाडी पाहिली आहे, तुम्ही बघायला याल का, असे तो विचारत होता. मी माझ्या मेस्त्रीला घेऊन गेलो. या वेळी मी रंग पाहिला नाही. सकाळी लवकर, इंजिन थंड असताना गाडी सुरू करायला लावली. काळा धूर म्हणजे पंप-नोझलचे काम किंवा चोंदलेली हवागाळणी. निळा म्हणजे आत ऑइल जळते आहे. पांढरा निघतच राहिला तर पाणी आत उतरते आहे, हे आता मला कळते. पायाखालचे मॅट उचलून पत्रा पाहिला. फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या जिल्ह्यात नेण्यासाठीचा ना हरकत दाखला, कर्जाचा बोजा उतरला आहे की नाही, हे सगळे पाहिले. आणि मग एकोणसत्तराव्या वर्षी, धोतर सावरत, मेस्त्रीच्या मागोमाग मीही गाडीखाली शिरलो. टण, टण, टण. शेवटपर्यंत टण.

पण बाहेर येऊन मी विकणाऱ्याला आधी एकच गोष्ट विचारली, "हिच्या खोड्या काय?" तो गृहस्थ जरा चपापला. मग हसला आणि म्हणाला, दोन आहेत. मी खिशातले पेन काढून त्याच्या हातात दिले.

आमची सुमो जानेवारीत गेली. ट्रकवर चढवताना डावे मागचे दार उघडले आणि लागेना. ट्रकवाल्या पोराला मी खालून ओरडून सांगितले, उचलून लाव. गुळाच्या पावतीचा कागद मात्र मी काढून घेतला आहे. तो आता कपाटात, आमच्या घराच्या कागदपत्रांबरोबर असतो.